शाळेत नसलेलं कपाट

२१ जानेवारी, बुधवार

वही, लिहायला फार उशीर झाला, माफ कर. दिवाळीनंतर तुला उघडलंच नाही. काही घडत नव्हतं — आणि काही घडत नसलं की मला बरं वाटतं. बरं वाटत असताना मी लिहीत नाही. आज लिहितो आहे, म्हणजे काय ते समजून घे.

काल बेल्याला मंडलाची, म्हणजे तालुक्याची, वक्तृत्व स्पर्धा झाली. माझी नात प्रणिता पहिली आली. नववीत आहे. विषय होता 'माझी शाळा'. भाषण मी लिहून दिलेलं.

आजूबाजूच्या पाच-सहा गावांत भाषण पाहिजे असलं की लोक माझ्याकडेच येतात. मी सातवीपर्यंत शिकलो, तीही पुरती नाही. पण तीस वर्षांपासून भाषणाचा एक साचा माझ्याजवळ आहे. आधी मान्यवरांना नमस्कार. मग 'मी जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावे'. मग दोन ओळींची कविता, मीच जुळवलेली. मग विषयाचं कौतुक, एका थोर माणसाचं नाव, 'चला तर मग, आज आपण प्रतिज्ञा करूया', आणि जय हिंद. विषय कोणताही येवो, मधला एक शब्द बदलायचा. पाणी म्हणजे जीवन. झाड म्हणजे जीवन. एकदा घाईघाईत एका पोराला 'मोबाईल म्हणजे जीवन' लिहून दिलं — त्याचाही दुसरा नंबर आला!

आता १ फेब्रुवारीला जिल्ह्याची स्पर्धा, आदिलाबादला. तिथली एक संस्था तेलंगणात सीमेवर असलेल्या आमच्यासारख्या मराठी शाळांसाठी दरवर्षी घेते. विषय हाच.

काल जेवताना पोरगी म्हणाली, "आबा, आदिलाबादले मी तुमचं भाषण नाई करत."

"काऊन?"

"त्याच्यात एकबी गोष्ट खरी नाई."

बायकोनं, मथुरेनं, भाकर तव्यावरच सोडली आणि माझ्याकडे पाहिलं.

२२ जानेवारी

आज भाषण काढून पुन्हा वाचलं. 'आमच्या शाळेत भव्य वाचनालय आहे, सुसज्ज प्रयोगशाळा आहे, फुलांनी बहरलेला बगीचा आहे.' हे वाक्य मी कोणासाठी पहिल्यांदा लिहिलं, आठवत नाही. प्रत्येक 'माझी शाळा'त ते असतंच.

आमच्या शाळेला तीन खोल्या. एकीत तांदळाची पोती. बगीचा म्हणाल तर नळाजवळ एक पपई. पुस्तकं होती पंधरा-वीस, खिडकीत ठेवलेली. ती वाळवीनं खाल्ली.

खरं नाही हे मला कळत नाही का? पण पोरगी जर माईकसमोर उभी राहून म्हणाली की आमच्या शाळेत हे नाही आणि ते नाही — तर? शाळेत आमची सून सुवर्णा दुपारचा स्वयंपाक करते. माझा पंढरी विहिरीच्या मोटारीचा झटका लागून गेला, त्याला आता चार वर्षं होतील. तेव्हा हेडमास्तर भगवंतराव स्वतः घरी आले, म्हणाले, 'सूनबाईला शाळेच्या चुलीवर घेतो.' तेव्हापासून घराला आधार आहे. माझ्या दोन वाफे वांग्यांनी काय होतं?

ज्यानं ठेवलं तो काढू शकतो. एवढीच गोष्ट आहे. पण ती पोरीला कशी सांगू? आईचं काम जाईल म्हणून खोटं बोल, असं आजोबानं सांगायचं?

२३ जानेवारी

वांगी तोडली. निम्मी किडकी निघाली.

२४ जानेवारी, शनिवार

कुलदीप सर भाजी घ्यायला वाफ्यावर आले. शाळेत मराठी तेच शिकवतात. तरणे आहेत, तोंडानं फटकळ. मला वाटलं पोरीला समजावतील. उलटंच!

म्हणाले, "आबा, जिल्ह्याला चौदा पोरं येतात. चौदाही म्हणतात, शांतचित्ताने ऐकून घ्यावे. परीक्षक शांतचित्ताने झोपतात."

"झोपू द्या ना सर. झोपलेला माणूस कोणावर रागवत नाही."

ते हसले. मी नव्हतो हसत.

"तिला तिचं बोलू द्या. तिच्या डोक्यात लई काही आहे."

"तुमची बदली होईल, तुमी निघून जाल. आमाले इथंच राहाचं हाय."

यावर त्यांनी पिशवी पुढे केली. पिशवीत मिरच्या जास्तच टाकल्या मी, रागाच्या भरात.

मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती, सांगवली नाही. इथं लिहितो. पंढरी दहा वर्षांचा होता. तेव्हा माझा साचा पक्का नव्हता. सीमेपलीकडे, महाराष्ट्रात, किनवटच्या बाजारातून भाषणांचं एक पुस्तक आणलं आणि त्यातलं पंधरा ऑगस्टचं भाषण जसंच्या तसं त्याच्याकडून पाठ करून घेतलं. बेल्याला झेंडा, समोर तेलुगू साहेब बसलेले. पोरगं खणखणीत बोललं. आणि शेवटी मूठ आवळून ओरडलं — 'जय महाराष्ट्र!'

पुस्तकात तसंच छापलेलं होतं. त्या पुस्तकाला काय माहीत हे कुठलं पोरगं वाचणार आहे. लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं, त्यानं बोट माझ्याकडे केलं. झालं काहीच नाही. कोणी काही बोललं नाही. पण ते बोट! महिनाभर मी बेल्याला पाय ठेवला नाही. वांगी झाडावर पिवळी पडली. तेव्हाच ठरवलं — ज्यात कोणाला काही विचारावं वाटणार नाही, असंच भाषण लिहायचं. तीस वर्षांत कोणी काही विचारलं नाही.

२६ जानेवारी

शाळेत झेंडा. सात पोरं बोलली, सातही भाषणं माझी. सरपंच मोबाईल पाहत होते. प्रणिता मुलींच्या रांगेत उभी होती. मी पाहिलं — प्रत्येक पोराबरोबर तिचे ओठ हलत होते, आणि पोराच्या जरा आधीच हलत होते!

घरी येताना म्हणाली, "आबा, त्या बारक्याले खोकला आला ना मधात, तेथून पुढचं मी बोलू शकली असती. सरपंचबी बोलू शकला असता. मंग ते सात जण काऊन उभे राह्यले? एकानंच सात वेळा नसतं बोललं?"

म्हणालो, "ऊन लई हाय, चाल लवकर."

निघताना भगवंतराव सर जवळ आले होते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबाराव, आदिलाबादला पोरीचं भाषण तेच ना?"

"तेच सर."

"तेच राहू द्या." आणि हसले. माणूस वाईट नाही. पण ते हसणं घरापर्यंत माझ्याबरोबर आलं.

म्हणजे त्यांना कोणी सांगितलं? कुलदीप सरांनी? का पोरगीच वर्गात बोलली?

२८ जानेवारी, बुधवार

आज जे केलं ते बरं केलं का, मला माहीत नाही.

संध्याकाळी पोरगी लिहीत बसली होती. मी मागून पाहिलं. 'आमच्या शाळेत वाचनालय नाही' — पहिलीच ओळ! नमस्कारसुद्धा नाही! मी खाली बसलो आणि तिचा हात ओढून माझ्या डोक्यावर ठेवला.

"माही आन हाय तुले. शाळेत काय नाई ते तेथं सांगाचं नाई. खरं-बिरं काई बोलाचं नाई."

"आबा, हात सोडा."

"म्हण पयले. नाईतं मी मेलो समज."

मथुरा आतून ओरडली, "अवो, लेकराले काऊन आन घालता? काई मोठं झालं का?" मी ऐकलं नाही. आमच्यात डोक्यावर हात ठेवून घेतलेली आन, म्हणजे शपथ, कोणी मोडत नाही. मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात, त्याच्याच जिवावर येते. पोरीला हे माहीत आहे. तिचा हात थंडगार होता.

"नाई बोलणार खरं," ती म्हणाली. अगदी हळू.

मग तिनं कागद चारदा दुमडला आणि चुलीत टाकला. माझ्याकडे पाहिलं नाही. मला हायसं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं.

३१ जानेवारी

उद्या. बस सकाळी सातची. बस चुकली तर? पोरगी मधेच विसरली तर? न विसरता तिनं आन मोडली तर? — मथुरा म्हणते, 'एवढं भेव तं घरीच राहा.' घरी राहिलो तर जास्त भीती वाटेल.

२ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहितो, जसं झालं तसं.

मोठा हॉल. कुलदीप सर, मी आणि पोरगी तिसऱ्या रांगेत. स्टेजवर तीन परीक्षक आणि संस्थेचे अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे, हातात काठी. पहिला मुलगा गुडीहत्नूरचा. 'शांतचित्ताने ऐकून घ्यावे.' मग इंद्रवेल्लीची मुलगी. 'शांतचित्ताने ऐकून घ्यावे.' तिच्यानंतरचाही तेच. प्रत्येकाच्या शाळेत भव्य वाचनालय. प्रत्येकाच्या शाळेत बहरलेला बगीचा. पाचवा मुलगा तर माझीच कविता बोलला — 'शाळा माझी गुणांची खाण, तिच्यामुळे मला मिळतो मान!' मी त्या पोराला कधी पाहिलंही नाही. कुठून कुठे गेली असेल! कुलदीप सरांनी मला कोपरानं ढोसलं, "आबा, तुमचं साम्राज्य आहे हो." मला लाज वाटली आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. गर्दीत लपल्यासारखं. एक परीक्षक खरोखर पेंगत होता.

प्रणिताचा नंबर नववा.

तिनं नमस्कार केला. 'दोन शब्द' म्हणाली नाही. मला वाटलं, गेलं! आन मोडली! मी डोक्यावरची टोपी घट्ट धरली.

ती म्हणाली, "आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक निळं कपाट आहे."

मला कळेना. कोणतं कपाट?

"त्याचं डावं दार लागत नाही, म्हणून त्याला सुतळी बांधली आहे. सुतळी सोडायचा मान रोज एकाचा. माझी पाळी मंगळवारी. ज्याचे हात ओले असतील त्याला पुस्तक मिळत नाही, म्हणून जेवल्यावर सगळी पोरं शर्टाला हात पुसत पळत येतात. जी मुलगी कापूस वेचायला गेली आणि चार दिवस आली नाही, तिचं पुस्तक कोणी नेत नाही. तिनं जिथं सोडलं तिथं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान घालून ते तसंच ठेवतात. पान वाळतं, पण ती येते. एका पुस्तकाची शेवटची पानं नाहीत. त्या गोष्टीचा शेवट कोणालाच माहीत नाही. म्हणून आमच्या वर्गात त्या गोष्टीचे बावीस शेवट आहेत. माझ्याजवळ तीन आहेत…"

मग तिनं ते तीन शेवट सांगितले. हॉलमध्ये कोणी खोकलं नाही. पेंगणारा परीक्षक पुढे झुकून बसला होता. आणि मी — मला माहीत होतं की यातलं काहीसुद्धा नाही, कपाट नाही, सुतळी नाही, एक पान नाही — तरी मला ते कपाट दिसलं. त्याचा रंग कुठे उडाला आहे तेही दिसलं. डोळ्यांत पाणी आलं. आणि लगेच अंगाला घाम सुटला.

पहिला नंबर तिचा. अध्यक्ष साहेब उठले, काठी टेकत माईकजवळ आले. म्हणाले, "पंधरा वर्षं मी ही भाषणं ऐकतो. आज पहिल्यांदा एखाद्या शाळेत जाऊन आल्यासारखं वाटलं. बेटी, तुझं निळं कपाट मला पाहायचं आहे. बारा तारखेला येतो. तुझ्या हेडमास्तरांना सांग."

टाळ्या! पोरगी हातात ढाल घेऊन उभी. तिचं तोंड कापसासारखं पांढरं.

बसमध्ये मी तोंड उघडलं. "हे काय केलं तू?"

"तुमी म्हटलं, खरं नाई बोलाचं. नाई बोलली मी."

"माहं भाषण होतं ना पाठ!"

"तुमचंबी खोटंच होतं, आबा. फक्त ते कोणी ऐकत नोतं."

मागच्या सीटवरून कुलदीप सर आधी हसले. मग त्यांचंही हसणं थांबलं. आणि गाव येईपर्यंत तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि उतरताना माझी बाही धरून म्हणाली, "आता मले भेव वाटून राह्यलं, आबा."

आजवर ती कधी असं म्हणाली नव्हती.

३ फेब्रुवारी

भगवंतराव सर सकाळीच दारात. चप्पल न काढता आत आले.

"बाबाराव, मेलो मी! कोणतं कपाट? तेरा वर्षं झाली मला या शाळेत, कोणतं निळं कपाट?"

"लेकरू हाय सर…"

"लेकरू? लेकरानं अध्यक्षाला गावात आणलं! तो बघेल, वर लिहील, माझी चौकशी लागेल. तुमच्या सुनेला मी चुलीवर घेतलं ते याचसाठी का?"

सुवर्णा तिथंच भांडी घासत होती. तिचा हात थांबला नाही. पण आवाज कमी झाला.

शेवटी सरांनीच ठरवलं. नऊ दिवस आहेत. कपाट करायचं.

७ फेब्रुवारी, शनिवार

काय चाललं आहे ते लिहायचीही लाज वाटते.

कपाट मिळालं. शेजारच्या बयनाबाईचं, लोखंडी. ती म्हणे, 'माह्या साड्या कोठी ठेवू, सरपंचाच्या डोक्यावर?' तरी दिलं, माझ्या नातीसाठी. शाळेच्या मागे ठेवून त्याला निळा रंग दिला. मग भगवंतराव सर दार उघडून-लावून पाहतात तर दोन्ही दारं चांगली लागतात! भाषणात डावं दार लागत नाही. सरांनी हातोडा मागवला आणि डाव्या दाराची बिजागरी वाकवली. बयनाबाई पदर तोंडाला लावून रडली. मला वाटलं जमीन फाटावी.

पुस्तकं गोळा करायला मला गावात फिरवलं. कोणी जुनं पंचांग दिलं. कोणी दहावीचं गाईड. कोणी खताच्या कंपनीचं माहितीपत्रक. चंपतरावानं मोटारसायकलसोबत आलेलं पुस्तक दिलं, म्हणाला, 'यात चित्रं हायेत.' सर म्हणाले, एका पुस्तकाची शेवटची पानं फाडा. कुलदीप सर म्हणाले, "पुस्तक मी फाडणार नाही. तुम्ही फाडा." भगवंतराव सरांनी स्वतः फाडली.

प्रणिताला सुतळी बांधायला बोलावलं. ती आली, बांधली, गेली. कोणाशी बोलली नाही. ढाल तिनं खाटेखाली सरकवून ठेवली आहे, तोंड भिंतीकडे करून.

९ फेब्रुवारी

माझा साचा खोटा होता, पण त्यात कोणाचं दार वाकवावं लागत नव्हतं. हे दिवसभर डोक्यात फिरतं. मग दुसरं येतं — तिला मी तिचं खरं बोलू दिलं असतं तर?

नको. पुढचा विचार करवत नाही. तीन दिवस राहिले.

११ फेब्रुवारी, बुधवार

संस्थेचं पत्र आलं. आम्ही सगळे शाळेत होतो, कपाटासमोर. भगवंतराव सरांनी पत्र फोडलं, दोन ओळी वाचल्या आणि मांडीवर थाप मारली. "सुटलो! अध्यक्षांची तब्येत बरी नाही. येत नाहीत!" लगेच एकाला चहा आणायला पिटाळलं. बयनाबाईला म्हणाले, 'कपाट घेऊन जा आपलं.' मीही देवाला हात जोडले.

पत्र टेबलावर पडलं होतं. प्रणितानं उचललं. पुढचं तिनं वाचलं, मोठ्यानं, स्टेजवर वाचावं तसं —

'कु. प्रणिता हिच्या भाषणावरून आपल्या शाळेतील वाचनालयाची उत्तम व्यवस्था समजली. जून महिन्यात आपल्या शाळेतून कपाट व पुस्तकांसाठी अर्ज आला होता. आपल्याकडे सोय असल्याने सदर कपाट व सत्तर पुस्तके मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या गरजू शाळेस देण्यात येतील.'

चहा आला होता. कोणी कप उचलला नाही.

"अर्ज मी केला होता, हेडसरांना विचारून," कुलदीप सर म्हणाले. "उत्तर आलंच नाही, म्हणून तेही विसरले, मीही. पुस्तकांची नावं मी लिहून दिली होती, सत्तरच्या सत्तर."

मला माहीतच नव्हतं! ही संस्था कपाटं देते हेच मला माहीत नव्हतं! पोरगी त्या दिवशी उभी राहून तिचंच पहिलं वाक्य बोलली असती — आमच्या शाळेत वाचनालय नाही — तर ज्यांच्या हातात कपाट देणं होतं, त्याच साहेबांच्या समोर बोलली असती.

१३ फेब्रुवारी

काल भगवंतराव सरांकडे गेलो. म्हणालो, कळवू या का त्यांना? सर शांतपणे बोलले. तेच जास्त वाईट.

"काय कळवता? पोरगी खोटं बोलली म्हणून? ढाल परत जाईल, पेपरात नाव येईल, उद्या तिच्या लग्नाला कोणी उभं राहणार नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज करू. आणि बाबाराव, तुमच्या सुनेच्या हातचं वरण पोरांना आवडतं. चाललं आहे ते चालू द्या."

आलो घरी. प्रणिता म्हणाली, 'मी लिहितो पत्र.' मी नाही म्हणालो. तिनं लिहिलं तर खोटी तीच ठरते.

आज सुवर्णा तांदूळ निवडत होती. तिला समोर बसवून सरांचं बोलणं सांगितलं. म्हणालो, "तुह्यासाठीच सगळं केलं, सुवर्णा. तुहं काम जाऊ नये म्हणून."

ती खडे बाजूला टाकत राहिली. मग म्हणाली, "मामाजी, मले कोणी इचारलं का?"

"काय?"

"मी भेतो म्हणून कधी म्हटलं तुमाले? लेकीच्या तोंडात खोटं कोंबून मले चुलीवर ठेवा, असं म्हटलं? मले मिरची तोडता येते, निंदण येते. तुमी माह्या नावानं आपलंच भेव सांगून राह्यले."

एवढं ती लग्न होऊन आल्यापासून बोलली नव्हती. आवाज चढवला नाही. सूप उचललं आणि आत गेली.

खरं आहे का हे? वही, तूच सांग. मागची पानं उलटून पाहिली. तिचं नाव दोन-तीन पानांवर आहे, आणि प्रत्येक पानावर मीच भितो आहे.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास. अध्यक्ष साहेबांना पत्र लिहायला बसलो, तीन कागद फाडले. तिन्हींची सुरुवात एकच — 'महोदय, मी जे दोन शब्द लिहीत आहे ते आपण शांतचित्ताने…'. हाताला दुसरं येतच नाही. त्याच्यापुढे काय लिहितात, जेव्हा लिहायचं खरंच असतं?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दरखास्त, म्हणजे ते पत्रच, आज बेल्याच्या टपालात टाकली. कोणाला दाखवली नाही. नक्कल इथं उतरवून ठेवतो.

'साहेब, आमच्या शाळेत कपाट नाही. पुस्तकं नाहीत. मी बाबाराव, प्रणिताचा आजोबा. तिला खरं सांगायचं होतं. माझ्या डोक्यावर हात ठेवायला लावून मी तिला आन घातली, कारण मला भीती वाटली. आताही वाटते. तिची ढाल घेऊ नका, ती गोष्ट तिनं स्वतः रचली, मी नाही. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. तब्येत बरी झाली की येऊन पाहा, किंवा कोणाला पाठवा. मार्च जवळ आला आहे. काय ठरलं ते लवकर कळवा.'